भंगार, गहू आणि शिष्यवृत्ती

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याचा माल निम्म्या जगात पसरलेला होता. उत्तर आफ्रिकेपासून आसाम-ब्रह्मदेशापर्यंत जीप, ट्रक, तंबू, औषधे, टेलिफोनच्या तारा, डबाबंद अन्न असे सगळे जिथल्या तिथे पडून होते. ते जहाजांत भरून मायदेशी नेणे परवडणारे नव्हते. विकायचे तर गिऱ्हाइकांकडे डॉलर नव्हते. युद्धाने पिचलेले देश आपापल्या चलनात पैसे द्यायला तयार होते, पण ते फ्रँक, लिरा आणि रुपये अमेरिकेत नेऊन काही उपयोग नव्हता.

या अडचणीतून जे. विल्यम फुलब्राइट या सिनेटरने वाट काढली. आर्कान्सा राज्यातून ते नुकतेच सिनेटवर आले होते, वय जेमतेम चाळीस. विशीत ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला शिकले होते आणि त्या वर्षांनी आपली नजर बदलली असे त्यांचे मत होते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेने मित्रदेशांकडे कर्जफेडीचा तगादा लावला. त्यातून पैसे फारसे वसूल झाले नाहीत, मने मात्र दुखावली, हाही इतिहास त्यांच्यासमोर होता. सप्टेंबर १९४५ मध्ये त्यांनी एक छोटे विधेयक मांडले. मालाच्या विक्रीतून येणारे परकी चलन त्या त्या देशातच ठेवावे आणि त्यातून विद्यार्थी व अध्यापकांची देवाणघेवाण करावी, एवढाच त्याचा आशय. अमेरिकी करदात्याच्या खिशाला हात लागत नव्हता, त्यामुळे फारशी चर्चा न होता ते मंजूर झाले. १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यावर सही केली. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या विद्यार्थी-विनिमय योजनेचा पाया असा सैन्याच्या उरलेल्या सामानावर उभा राहिला.

सरकारे परदेशी शिक्षणाला पैसा देतात तेव्हा तो बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी हिशेबातून आलेला असतो. कधी तो युद्धाचा असतो, कधी दंडाचा, कधी धान्याचा. देणाऱ्याचा हेतूही क्वचितच निव्वळ ज्ञानाचा असतो. तरीही त्या पैशातून मोठी माणसे घडली. माझ्या मते त्याचे कारण पैशाच्या उगमात शोधून सापडणार नाही. विद्यार्थी कोणी निवडला आणि काय शिकायचे हे कोणी ठरवले, यात ते सापडते.

चीनचे उदाहरण याहून जुने आहे. परकीयांविरुद्धचे बॉक्सर बंड मोडून काढल्यावर १९०१ च्या करारात विजेत्या राष्ट्रांनी चीनवर ४५ कोटी तैल (वजनाचे चिनी माप) चांदीचा दंड लादला आणि तो ३९ वर्षांत व्याजासकट फेडायचा असे ठरले. अमेरिकेच्या वाट्याला सुमारे अडीच कोटी डॉलर आले. आपले खरे नुकसान याहून बरेच कमी आहे, हे अमेरिकेला ठाऊक होते. वॉशिंग्टनमधले चिनी राजदूत लियांग चेंग यांनी जास्तीची रक्कम परत मिळावी म्हणून चिकाटीने पाठपुरावा केला. १९०८ साली अमेरिकी काँग्रेसने ती सोडून द्यायचे ठरवले, पण रोख परत न देता चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवण्यासाठी ती वापरायची अशी व्यवस्था झाली. त्या काळी चिनी तरुण हजारोंच्या संख्येने जपानला शिकायला जात होते. चीनचे उद्याचे कर्ते लोक आपल्याकडे शिकले तर व्यापार आणि वजन दोन्ही आपल्याकडे राहील, हा हिशेब अमेरिकेत उघडपणे मांडला जात होता. १९०९ साली पहिली तुकडी निघाली आणि या विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीसाठी १९११ मध्ये पेकिंगला एक शाळा उघडली. तीच पुढे त्सिंगह्वा विद्यापीठ झाली.

१९१० च्या तुकडीत हू श नावाचा तरुण होता. कॉर्नेल विद्यापीठात त्याने शेतीशास्त्राला नाव घातले, पण मन रमले नाही. तो तत्त्वज्ञानाकडे वळला, १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्याकडे गेला आणि परत येताच बोलीभाषेत साहित्य लिहावे या चळवळीचा अग्रणी झाला. दंडाच्या पैशावर शेतीचे ज्ञान आणायला गेलेल्या मुलाने चिनी भाषेच्या लेखनाचे रूपच बदलले. त्याला विषय बदलू दिला नसता तर चीनला एक बरा कृषितज्ज्ञ मिळाला असता, एवढेच. याच दंडाच्या पैशातल्या शिष्यवृत्तीवर १९४५ साली यांग चेन-निंग अमेरिकेला गेले आणि १९५७ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

हू श कोलंबियात पोहोचला तेव्हा तिथे ड्युई यांची व्याख्याने ऐकणारा आणखी एक विद्यार्थी होता. मुंबईच्या परळच्या चाळीतून आलेल्या भीमराव आंबेडकरांचा खर्च बडोदा संस्थान करत होते. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. जून १९१३ मध्ये करार झाला आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. अट अशी होती की शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारने अस्पृश्य समाजातल्या मुलाला परदेशी पाठवण्याचा विचारही केला नव्हता त्या काळात एका संस्थानिकाने हे केले, याचे मोल कमी लेखता येत नाही.

आंबेडकरांनी कोलंबियात जे लिहिले ते पाहण्यासारखे आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था, भारताचे राष्ट्रीय उत्पन्न, आणि ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध. तिन्ही विषय भारताचे. हजारो मैल दूर जाऊन त्यांनी आपलाच देश अभ्यासला, कारण त्याकडे बघण्याची साधने तिथे मिळत होती आणि त्यांना कोणी हलक्या जातीचे म्हणून बाकावरून उठवत नव्हते. १९१७ मध्ये कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले. शिपाई दुरून फायली टाकत आणि राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले, तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. दरबार शिष्यवृत्ती देऊ शकत होता, गावात घर देऊ शकला नाही. परदेशी शिक्षणाच्या योजना आखणारे परतीच्या बाजूचा विचार फार कमी करतात, तो इथेही झाला नव्हता. पुढचे लंडनचे शिक्षण पुरे करायला त्यांना स्वतःची बचत आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत लागली.

आता पुन्हा फुलब्राइटकडे. या योजनेचा पहिला करार १९४७ मध्ये चीनशी झाला. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक होऊन आठवडा होतो न होतो तोच. त्यावर जवाहरलाल नेहरू आणि अमेरिकी राजदूत लॉय हेंडरसन यांच्या सह्या आहेत. योजनेतली गोम चलनात होती. रुपये भारतातच खर्चता येत, म्हणून अमेरिकेतून येणाऱ्या अभ्यासकाचा इथला सगळा खर्च त्यातून भागे. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र प्रवासखर्चच मिळे. तिथली फी आणि राहण्याखाण्याचे डॉलर विद्यापीठाने किंवा दुसऱ्या कुठल्या निधीने द्यायचे. जुन्या पिढीतले कित्येक भारतीय प्राध्यापक आपल्या परिचयात 'फुलब्राइट ट्रॅव्हल ग्रँट' लिहीत, त्याचे मूळ इथे आहे.

या योजनेचे खरे सामर्थ्य तिच्या मंडळात होते. प्रत्येक देशात यजमान देश आणि अमेरिका या दोहोंच्या सदस्यांचे मंडळ निवड करी आणि वॉशिंग्टनमधले एक स्वतंत्र मंडळ शेवटचा शब्द देई. परराष्ट्रखात्याच्या मर्जीतल्यांची यादी असे रूप तिला येऊ नये म्हणून ही रचना होती. स्वतः फुलब्राइट पुढे सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष झाले आणि व्हिएतनाम युद्धाचे कडवे टीकाकार ठरले. आपल्या नावाच्या योजनेने सरकारची तळी उचलावी, अशी अपेक्षा या माणसाने कधी ठेवली नसणार.

युद्धाच्या मालाचा पैसा कधी ना कधी संपणारच होता. त्याच्या जागी गहू आला. १९५१ साली भारतात धान्याची तीव्र टंचाई होती तेव्हा अमेरिकेने १९ कोटी डॉलरचे कर्ज धान्याच्या रूपात दिले. त्या कर्जाच्या व्याजातले पहिले ५० लाख डॉलर शिक्षणासाठी राखून ठेवले गेले. त्यातून भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांत अमेरिकी पुस्तके आली, प्रयोगशाळांना उपकरणे मिळाली, अध्यापकांचे दौरे झाले. १९५४ मध्ये आला तो आपल्याकडे आजही नावाने ओळखला जाणारा कायदा, पीएल ४८०. रेशनच्या दुकानातला तो अमेरिकी लाल गहू ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना त्याची चपाती आठवत असेल. त्या गव्हाचे पैसे भारत सरकार रुपयांत भरत होते आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर भारतातच साचत होते.

या रुपयांचा सर्वांत अनपेक्षित लाभ मराठी ग्रंथव्यवहाराला झाला. कायद्यात १९५८ साली दुरुस्ती झाली आणि अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाला या पैशातून परदेशी पुस्तके विकत घेण्याची मुभा मिळाली. त्यासाठी दिल्लीत कार्यालय उघडले. तिथून मराठीसकट भारतीय भाषांतल्या कथा, कविता, कोश, संशोधनपत्रिका, दिवाळी अंक यांच्या प्रती एकगठ्ठा घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवल्या जाऊ लागल्या. शिकागो, पेनसिल्वेनिया, विस्कॉन्सिन यांच्या ग्रंथालयांत साठ-सत्तरच्या दशकांतले मराठी साहित्य नीट सूची करून ठेवलेले आढळते ते यामुळे. शंभर-दोनशे प्रती खपल्या म्हणून इथे विस्मरणात गेलेली छोटी पुस्तके तिथे जपली गेली आहेत. गव्हाच्या बदल्यात मराठी पुस्तके अमेरिकेत गेली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुस्तके गेली, तशी माणसे आली. १९५७ मध्ये रशियाने स्पुतनिक सोडला आणि धास्तावलेल्या अमेरिकेने १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यातून परकी भाषांच्या शिक्षणाला पैसा दिला. संरक्षणासाठीच्या त्या कायद्याने हिंदी, तमिळ यांच्या जोडीने मराठीचे वर्गही अमेरिकी विद्यापीठांत भरले. १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली. तिचे भारतातले पहिले ठाणे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. अमेरिकी मुले-मुली पुण्यात घरोघरी राहून मराठी बोलू लागली, त्यातले काही महानुभाव पंथाकडे, काही वारीकडे, काही खंडोबाकडे वळले.

अमेरिकी विद्यार्थिनी एलिनॉर झेलियट साठच्या दशकात महाराष्ट्रात आल्या त्या डॉ. आंबेडकरांच्या चळवळीचा अभ्यास करायला. त्या वेळी आपल्या विद्यापीठांत हा विषय प्रबंधायोग्य मानणारे थोडेच होते. झेलियट यांनी कार्यकर्त्यांना गाठले, जुनी पत्रके आणि वृत्तपत्रे धुंडाळली, आठवणी टिपल्या. १९६९ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठाने त्यांना या प्रबंधासाठी डॉक्टरेट दिली. दलित साहित्य इंग्रजीत नेण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत शिकलेल्या आंबेडकरांचा इतिहास लिहायला अमेरिकेतून विद्यार्थिनी यावी आणि तिच्यामुळे जगभरच्या विद्यापीठांना महाराष्ट्रातली ही चळवळ कळावी, हा विनिमय कुठल्याही योजनेच्या कागदावर आधी लिहिलेला नव्हता.

साचलेल्या रुपयांचे काय झाले? सत्तरच्या दशकापर्यंत ते इतके वाढले की खर्चून संपणे अशक्य झाले आणि एवढे चलन परक्याच्या हाती असणे भारतालाही बोचू लागले. अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. तेव्हा तो जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून नोंदला गेला.

युरोपची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे अडचण पैशाची नव्हती. सोफिया कोराडी ही रोमची विद्यार्थिनी १९५७-५८ साली फुलब्राइटवर कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तुलनात्मक कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परतली. रोमच्या विद्यापीठाने तो अभ्यास हिशेबात धरायला नकार दिला. कचेरीत तिचा सर्वांसमक्ष पाणउतारा झाला. परदेशी सहल करून आलीस, आता अभ्यास कर, असा त्याचा सूर होता. ही बाई पुढे तीस वर्षे एकाच मागणीसाठी झटली: बाहेरच्या विद्यापीठात केलेला अभ्यास घरच्या विद्यापीठाने मानला पाहिजे. १९८७ मध्ये युरोपीय समुदायाने विद्यार्थी-विनिमयाची इरॅस्मस योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले.

दोन वर्षांनी श्रेयांकांची सामायिक पद्धत आली. वर्षाचे ६० श्रेयांक, मग ते लिस्बनला मिळवा की कोपनहेगनला. निघण्यापूर्वी विद्यार्थी, घरचे विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ असे तिघे कोणता अभ्यास कशाच्या जागी धरायचा हे लिहून सही करतात. शिष्यवृत्तीची रक्कम काही फार मोठी नसते, पण वर्ष वाया जाणार नाही ही खात्री पालकांना पुरते. आज २०२१ ते २०२७ या काळासाठी इरॅस्मस प्लसची तरतूद सुमारे २६ अब्ज युरो आहे आणि एक कोटीहून अधिक लोक यातून जाऊन आले आहेत. आपल्याकडे परदेशी पदवीच्या समकक्षता प्रमाणपत्रासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घातलेल्यांना कोराडीबाईंचा संताप समजावून सांगावा लागणार नाही.

भारत घेणाराच आहे, असे समजण्याचे कारण नाही. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० साली मौलाना आझादांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि तिच्या शिष्यवृत्त्यांवर आशिया-आफ्रिकेतली मुले इथे शिकतात. १९६४ पासून आयटेक कार्यक्रमातून विकसनशील देशांतल्या अधिकाऱ्यांना आणि तंत्रज्ञांना भारतात प्रशिक्षण मिळते. नेपाळचे माजी पंतप्रधान बाबुराम भट्टराई कोलंबो योजनेतून चंडीगडला वास्तुकला शिकले, अफगाणिस्तानचे माजी अध्यक्ष हमीद करझाई सिमल्याला. एकट्या अफगाणिस्तानसाठी एके काळी वर्षाला १,००० शिष्यवृत्त्या होत्या आणि पुण्याच्या महाविद्यालयांत अफगाण मुले सहज भेटत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले आणि आधी दिलेले व्हिसा भारताने रद्द केले. सुट्टीत घरी गेलेले कित्येक विद्यार्थी तिकडेच अडकले. सुरक्षेची काळजी समजण्याजोगी होती. पण ज्यांना आपणच निवडले, ज्यांची नावे, गुण आणि बोटांचे ठसे आपल्याकडे होते, त्यांच्यासाठी वेगळी वाट काढणे या देशाला जड नव्हते. ती काढायला हवी होती.

फुलब्राइट योजनेच्या बाबतीतही अलीकडे धक्का बसला. २००८ च्या करारानंतर भारत तिच्यात बरोबरीचा भागीदार झाला आणि इथल्या शिष्यवृत्तीला फुलब्राइट-नेहरू हे नाव मिळाले. जून २०२५ मध्ये मात्र वॉशिंग्टनमधल्या निवड मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी राजीनामे दिले. आम्ही निवडलेल्या उमेदवारांची नावे सरकारने डावलली, असा त्यांचा आरोप होता. ऐंशी वर्षांत पैसा अनेकदा आटला आणि योजना तगली. निवडीवरचा विश्वास उडाला तर ती तगेल असे मला वाटत नाही.

काय शिकायचे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न आपल्या दारातही उभा आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. वर्षाला १२५ जागा. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यात ७५. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून लंडन, एडिंबरो, सिडनीपर्यंत मुले पोहोचली ती या योजनांमुळे, आणि त्यांच्या घरात पासपोर्ट काढणारी ती पहिली पिढी आहे. पण केंद्राच्या २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत एक अट आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास यांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, कारण या विषयांची साधने आणि तज्ज्ञ भारतातच आहेत, असे स्पष्टीकरण दिले गेले.

कागदपत्रे भारतात आहेत हे खरे. पण अभ्यासाला कागदपत्रांखेरीज मार्गदर्शक लागतो, तुलना करायला दुसरे समाज लागतात, आणि ज्याला घरी बोलू दिले जात नाही त्याला निर्धास्तपणे बोलायला जागा लागते. आंबेडकरांनी कोलंबियात वाचलेला १९१६ चा तो निबंध या अटीत बसला नसता. वंचित समाजातल्या मुलाने परदेशात जाऊन अभियांत्रिकी शिकावी, पण आपल्याच समाजाच्या स्थितीचा अभ्यास करू नये, हे म्हणणे न्यायाचे नाही. ही अट केंद्राने काढून टाकावी, विषय ठरवण्याचा हक्क विद्यार्थ्याकडे द्यावा आणि जागा १२५ वर न थांबवता वाढवाव्यात.